लिम्फोमातल्या टी-रेगवर पीएचडीला परदेशी जाताय? आधी ताज्या गाठीचं विचारा

लिम्फोमातल्या (लिम्फ पेशींच्या कर्करोगातल्या) रेग्युलेटरी टी पेशींवर, म्हणजे इतर रोगप्रतिकारक पेशींना आवरणाऱ्या टी-रेगवर, पीएचडी करायला परदेशी जायचंय, दोन लॅबनी होकार दिलाय, कुठली निवडू, असं तुम्ही विचारलंय. मी याच विषयासाठी देश सोडला, म्हणून जरा सविस्तर लिहितेय.

नावाकडे बघून ठरवू नका. २०२५ चं नोबेल ब्रंकाव, रॅम्सडेल आणि साकागुची यांना याच पेशींच्या शोधासाठी मिळालं, त्यामुळे विषयाला वलय आहेच. दोन्हीकडे एवढंच विचारा: लिम्फ नोडचा (गाठीचा) ताजा नमुना मिळतो, की फक्त पॅराफिन ब्लॉक, म्हणजे रसायनात टिकवून मेणात बसवलेला तुकडा?

कारण सांगते. टी-रेगची मुख्य खूण म्हणजे फॉक्सपी३ हे प्रथिन, आणि ते असतं केंद्रकात. ते दाखवणारी अँटिबॉडी तिथपर्यंत पोचवायची तर पेशी फिक्स करून (रसायनाने गोठवून) तिच्या आवरणाला छिद्रं पाडावी लागतात. म्हणजे ती मेलीच. जिवंत हवी असेल तर पेशीच्या पृष्ठभागावरची प्रथिनं बघून, सीडी२५ जास्त, सीडी१२७ कमी, अशी सॉर्ट करायची, म्हणजे वेगळी काढायची. ती इतर टी पेशींना खरंच आवरते का, हे तेव्हाच तपासता येतं. त्यात माणसाच्या साध्या टी पेशीही चेतवल्या की काही काळ फॉक्सपी३ दाखवतात, म्हणून नुसत्या खुणेवर भागत नाही. माझं पहिलं अख्खं वर्ष ब्लॉकच्या स्लाइडवरचे तपकिरी ठिपके, म्हणजे फॉक्सपी३ रंगवलेल्या पेशी, मोजण्यात गेलं. त्या लॅबला ताजा नमुना मिळतच नाही, हे मला तिथे पोचल्यावर कळलं. फार मनस्ताप झाला.

तरी ब्लॉकला कमी लेखू नका. बऱ्याच घन ट्यूमरमध्ये टी-रेग जास्त म्हणजे लक्षण वाईट. फॉलिक्युलर आणि हॉजकिन या लिम्फोमाच्या दोन प्रकारांत मात्र काही अभ्यासांत उलट दिसलं: जास्त टी-रेग असलेले रुग्ण अधिक जगले. पुढे फॉलिक्युलरमध्ये असंही आढळलं की संख्येइतकीच जागा महत्त्वाची. टी-रेग फॉलिकलमध्ये (गाठीतल्या पेशींच्या गोल पुंजक्यात) आणि भोवती दाटलेल्या, की सगळीकडे विखुरलेल्या? दाटलेल्या असतील तर परिणाम वाईट. ही जागा ब्लॉकवरच नीट दिसते.

सोबत रुग्ण बघणारा हिमॅटॉलॉजिस्ट (रक्तविकारतज्ज्ञ) असलेली लॅब मिळाली तर सोन्याहून पिवळं. मोगामुलिझुमॅब या लिम्फोमावरच्या अँटिबॉडी औषधाचंच घ्या. ते पेशीवरच्या सीसीआर४ या प्रथिनावर बसतं, लिम्फोमाच्या पेशी मारतं, पण त्याबरोबर टी-रेगही. दात्याच्या पेशींचं प्रत्यारोपण त्यानंतर लगेच केलं तर जीव्हीएचडीचा, म्हणजे दात्याच्या पेशींनी रुग्णाच्याच शरीरावर हल्ला करण्याचा, धोका वाढतो. असले प्रश्न वॉर्डातूनच येतात.

मुलाखतीत हेही विचारा: गाठ काढल्यापासून लॅबच्या टेबलावर यायला किती तास लागतात, आणि आणायला कोण जातं?