सत्तरीनंतर शरीर साथ देईनासे झाले की मन खचू नये म्हणून काय करावे?

उरलेली ताकद रोज थोडी वापरत राहावे, कारण आपण वयाच्या नावावर खपवतो ती झीज बऱ्याच अंशी हालचाल थांबल्यामुळे झालेली असते. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात वृद्धाश्रमातील नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजनांचा व्यायाम दिला, तेव्हा तो पूर्ण करणाऱ्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी दुपटीहून अधिक झाली. सुरुवात हातांचा आधार न घेता खुर्चीतून उठण्याने करावी. आरंभी मांड्या थरथरतात, पण तेच उठणे जमू लागले की जी उमेद येते ती ‘सकारात्मक राहा’ या (देणाऱ्याला फुकटच्या) सल्ल्याने येत नाही. मात्र चक्कर येत असेल किंवा छातीत दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना विचारावे.