१८ वर्षांखालच्या मुलींच्या आईस हॉकीत खालच्या डिव्हिजनच्या स्पर्धांना काही अर्थ असतो का?

तुमची मुलगी १२ वर्षांची, इथंच बेळगावात स्केटिंगला जाते, आणि मोबाईलवर परदेशातल्या पोरींची आईस हॉकी बघून आता तिला तेच खेळायचंय. तिच्याबरोबर बसून तुम्ही खालच्या डिव्हिजनची एक मॅच बघितली, त्यात एक टीम १४-० नं हरली. म्हणून तुम्ही विचारताय की असल्या स्पर्धा भरवतात कशाला, आणि भारताच्या मुली तिथं कधी दिसतील का. दुसऱ्यावर नंतर येते. पहिलं वाचून ताट बाजूला सारून टाइप करायला बसलेय, कारण हे वाक्य मी १५ वर्षांची असल्यापासून ऐकतेय.

मी गोलकीपर होते. आईस हॉकीत नव्हे हो, बर्फ मी अजून फ्रीजमधलाच बघितलाय. रोलर हॉकी. चार चाकांचे स्केट, वाकडी काठी आणि पकऐवजी (पक म्हणजे आईस हॉकीतली रबराची चकती) चेंडू, १५५ ग्रॅमचा टणक, मांडीला बसला की आठवडाभर जांभळा डाग. टीममध्ये एका वेळी पाच जणी, त्यातली एक कीपर. कीपर व्हायला कुणी तयार नसायचं आणि माझा स्पीड कमी होता, एवढीच माझी निवड प्रक्रिया.

२००९ ला नॅशनलला गेलो. गोवा एक्स्प्रेसनं दीड दिवस दिल्ली, पुढं बस. आईनं दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी भोपाळच्या आधीच संपली. मला मिळालेले पॅड मोठ्या पोरांचे होते, गुडघ्याचा भाग मांडीवर यायचा. निघायच्या आदल्या रात्री पप्पांनी उद्यमबागेतल्या एका ओळखीच्या पंक्चरवाल्याकडनं सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्ट्या कापून आणल्या, दोन बोटं रुंद, आणि त्यांनी पॅड मागून आवळायचे. घरी खुर्चीवर बसून एकदम झकास वाटलं. रिंकवर तिसऱ्यांदा गुडघ्यावर बसले आणि उजव्या पायाची गाठ सुटली.

पहिलीच मॅच उत्तरेतल्या एका राज्याशी. त्या पोरी पाच-सहा वर्षांच्या असल्यापासून खेळत होत्या, आमच्यातल्या दोघींना काठी हातात येऊन पाच महिने झालेले. पहिल्या हाफात ११ गोल. अकरावा झाला तेव्हा मी एका हातानं पॅड धरूनच उभी होते. तर गोल मारलेली जी पोरगी, पाच नंबर, ती चेंडू काढायला जाळीत वाकली आणि वाकलेलीच राहिली. मला वाटलं हिला काय लागलं की काय. खालनं हळूच म्हणाली, "पैड बाँध ले, मैं ढूँढ रही हूँ।" चेंडू तिच्या काठीखालीच होता! रेफरी शिट्टी मारतोय, ही जाळीत उगाच हात फिरवतेय, आणि मी दातांनी ट्यूब ओढून गाठ मारतेय.

दुसऱ्या हाफात ५ गोल झाले. एकूण १६-०. खरं त्या दुसऱ्या हाफात मी २३ शॉट अडवले, आमची राखीव कीपर तळहातावर पेनानं रेघा मारत बसली होती म्हणून आकडा माहीत आहे, नाहीतर ते कुठंही लिहिलेलं नाही. त्या रेघा तिनं मला जेवताना दाखवल्या, घामानं अर्ध्या फिसकटलेल्या.

बेळगाव स्टेशनवर न्यायला थोरले काका आलेले. बॅग घेतली आणि पहिला प्रश्न, "किती?" मी म्हटलं सोळा. "सोळा मारलीस?" नाही, खाल्ले. काका महाराष्ट्र एकीकरण समितीचे, म्हणजे बेळगाव महाराष्ट्रात पाहिजे म्हणणाऱ्यांचे, जुने कार्यकर्ते, १ नोव्हेंबरच्या काळ्या दिवसाची फेरी आयुष्यात चुकवलेली नाही, त्यामुळं त्यांना दुप्पट लागलं. "दिल्लीच्या पलीकडं जाऊन सोळा खाऊन आलीस, ते पण अंगात कर्नाटकाची जर्सी घालून! असल्या खेळाला अर्थ काय गं?" मग रोज रात्री जेवताना तेच. पप्पा त्यांच्यापुढं कधी बोलले नाहीत. पुढच्या वर्षी "दहावी आहे" झालं आणि स्केट माळ्यावर गेले. दहावीला ६८ टक्के पडले, म्हणजे त्यासाठी सोडलं म्हणावं तर ते पण नाही.

आता गंमत बघा. हेच काका दर दिवाळीला फराळाला बसले की आपली पहिली कुस्ती सांगतात. नऊ वर्षांचे होते, येळ्ळूरच्या मैदानात रेवड्यांवरची कुस्ती, समोरच्यानं उचलून आपटला, पाठ लागली, आणि टॉवेलाच्या टोकाला बांधलेल्या रेवड्या घेऊन घरी आले. ही गोष्ट सांगताना छाती फुगलेली असते! हरलेलीच कुस्ती ना ती? तिला अर्थ होता आणि माझ्या मॅचला नव्हता?

कुस्ती बघितलेल्या माणसाला खरं म्हणजे डिव्हिजन समजावायची गरजच पडू नये. मैदानात पंच काय करतात, दोन पोरं खांद्याला खांदा लावून उभी करतात, दंड चाचपतात, आणि मग जोड लावतात. एक नंबरची कुस्ती संध्याकाळी शेवटी. दुपारी उन्हात रेवड्या-नारळाच्या कुस्त्या, तेव्हा बघायला पोरांचे बाप आणि आइस्क्रीमवाला. तसंच आहे हे. १८ खालच्या मुलींची वर्ल्ड चॅम्पियनशिप २००८ ला कॅल्गरीत सुरू झाली. वरच्या गटात ८ टीम, आणि २०२५ पर्यंतचं प्रत्येक सोनं अमेरिकेचं नाहीतर कॅनडाचं, तिसरं नाव नाही. त्याखाली डिव्हिजन वन, त्यात ए आणि बी गट, त्याखाली डिव्हिजन टू. गट जिंकलात की वर, तळाला गेलात की खाली. ब्रिटन, दक्षिण कोरिया, स्पेन, मेक्सिको, ऑस्ट्रेलिया, तुर्कस्तान असले देश या खालच्या मजल्यांवर खेळलेत. स्टँड रिकामे, आयाबाया हातात झेंडा घेऊन, आणि खाली कुणाच्या तरी आयुष्यातला देशासाठीचा पहिला गोल. मला वरच्या गटापेक्षा हेच बघायला आवडतं, स्पष्ट सांगते. वरची फायनल बहुतेक वेळा त्याच दोघींची.

जोड चुकली की काय होतं ते पण ऐका. सप्टेंबर २००८, लॅटव्हियातलं लिएपाया, व्हँकुव्हर ऑलिंपिकची पात्रता फेरी, सीनियर बायकांची मॅच. स्लोव्हाकिया ८२, बल्गेरिया ०. ब्याऐंशी! ६० मिनिटांचा खेळ, म्हणजे सरासरी दर ४४ सेकंदाला एक गोल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या बल्गेरियन कीपरचाच विचार करत बसले, तिचा पट्टा कुणी बांधून दिला असेल का. आणि तीच स्लोव्हाकिया दीड वर्षांत ऑलिंपिकला पोचली तर पहिल्याच मॅचला कॅनडानं १८-० हाणली. तेव्हा ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांपासून सगळे आमच्या काकांसारखे बोलायला लागले, सुधारणा नाही झाली तर हा खेळ असा चालू ठेवता येणार नाही म्हणून. स्लोव्हाकियानं काय माळ्यावर टाकले नाहीत स्केट. जानेवारी २०२३ ला स्वीडनच्या ऑस्टरसुंडमध्ये १८ खालच्या स्पर्धेत त्यांच्या नेला लोपुशानोवानं, वय वर्षं १४, जाळीमागं जाऊन पक काठीच्या पात्यावर चमच्यासारखा उचलला आणि कोपऱ्यावरनं आत ठेवला, तो पण यजमान स्वीडनविरुद्ध. स्पर्धेची सर्वोत्तम खेळाडू तीच. १८-० झालं तेव्हा ती दोन वर्षांचीही नसेल.

अजून एक, आईस हॉकीत कीपरची नोंद ठेवतात. मॅच संपली की कागद निघतो, किती शॉट आले, किती अडवले. ६० शॉट येऊन ९ गोल गेले तर स्कोअर ९-० दिसतो, खरं त्या पोरीच्या नावापुढं ८५ टक्के लिहिलेलं असतं. तुम्ही बघितलेल्या १४-० चा तो कागद मुलीला उघडून दाखवा आधी.

आता भारत. १८ खालच्या मुलींच्या या स्पर्धेत आपली टीम मी अजून बघितलेली नाही. सीनियर बायकांची आहे, बहुतेक लडाखच्या, गोठलेल्या तळ्यांवर दोन-तीन महिने मिळेल तेवढा बर्फ वापरून तयार झालेल्या. २०१६ ला तैपेईत चॅलेंज कप ऑफ एशियात पहिल्यांदा उतरल्या, २०१७ ला बँकॉकमध्ये फिलिपाइन्सला ४-३ हरवून पहिला विजय, आणि २०२५ ला अल ऐनमध्ये आशिया कपात ब्राँझ. आता चॅलेंज कप म्हणजे काय, रेवड्यांवरचीच कुस्ती की! तिथं उतरल्या नसत्या तर ब्राँझ कुठनं आलं असतं? देहरादूनची बंद पडलेली इनडोअर रिंकही २०२५ ला पुन्हा सुरू झालीय, त्यामुळं बर्फासाठी फक्त थंडीची वाट बघत बसायचे दिवस थोडे तरी कमी होतील.

तुमच्या मुलीचं म्हणाल तर तिला चार चाकीवरनं लवकर इनलाइनवर, म्हणजे एका रेषेत चाकं असलेल्या स्केटवर आणा, पाय बर्फाच्या पात्याच्या जवळ जातो. आणि कृपा करून तिला त्या रेकॉर्डच्या नादाला लावू नका, गाड्यांखालनं सरकत जायचं आणि पेपरात फोटो. आपल्या गावाला त्याचं फार कौतुक आहे, मला नाही. समोर कुणी अडवणारी नसेल तर त्याला मी खेळ म्हणत नाही. घरात कुणी मोठं माणूस "अर्थ काय" म्हणत असेल तर तुम्ही तरी तोंड उघडा. आमचे पप्पा उघडले नाहीत. ते आता म्हणतात, तेव्हा बोलायला पाहिजे होतं. आता बोलून काय, गुडघे गेले माझे.

हां, हे पण सांगायला पाहिजे, चाकांवरचं सगळं बर्फावर चालत नाही, थांबायचं तंत्रच वेगळं आहे, म्हणजे इथं चांगली असलेली पोरगी तिथं पहिले काही दिवस पडणारच. खर्च पण आहे, कीपरचं सामान तर विचारूच नका. आणि १४-० खाऊन प्रत्येक पोरगी काय माझ्यासारखी त्यावर १५ वर्षं भांडत बसत नाही, काही जणी खरंच मोडतात, तुमची कुठल्या स्वभावाची आहे ते तुम्हालाच माहीत. जोड सारखी चुकत असेल तर कोचला विचारा, गप्प बसू नका.

हे उत्तर शहापूर-वडगावच्या कुठल्या ग्रुपवर तेवढं टाकू नका. काका सगळ्या ग्रुपांत आहेत आणि त्यांची शुगर आधीच वाढलेली आहे.