एडिनबर्गचा डिसेंबर आणि सकाळचा उजेड

प्रिय बाळा,

अनेक आशीर्वाद. दहा तास झोपूनही अंग जड, संध्याकाळ झाली की गोड नाहीतर ब्रेड-बटाटे खावेसे वाटणं, घरचा फोन घ्यायचाही कंटाळा, हे सगळं तू नीट लिहिलं आहेस. त्याखालचं ‘मी आळशी झालोय’ मात्र खोडून टाक. हे हिवाळ्यातल्या कमी उजेडाने येणारं नैराश्य असू शकतं.

पुण्यात वर्षातला सर्वांत लहान दिवससुद्धा 11 तासांचा असतो. तिकडे स्कॉटलंडमध्ये, एडिनबर्गला तोच जेमतेम 7 तासांचा: सूर्य उगवतो पावणेनऊच्या सुमारास आणि चारच्या आत मावळतो. शरीराचं घड्याळ मेंदूत असतं आणि ते रोज जुळवून घेतलं जातं ते मुख्यतः सकाळच्या उजेडावर. डोळ्याच्या पडद्यातल्या काही पेशी उजेड किती आहे हे मेंदूला कळवतात, मग रात्रीचं मेलाटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, ओसरतं. तू सातचा गजर लावून उठतोस तेव्हा शरीराच्या हिशेबी अजून रात्रच असते. मनःस्थितीशी संबंध असलेल्या सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाचाही यात वाटा असावा. मानसोपचारतज्ज्ञ नॉर्मन रोझेन्थाल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये या हिवाळी नैराश्याचं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा उजेडाचा उपचारही त्याच लेखात मांडला होता. थंडीपेक्षा थंडीमुळे घरात बसणं जास्त नडतं.

उजेड लक्समध्ये मोजतात; खोलीतला दिवा शे-तीनशे लक्सच्या आसपास असतो. बाहेर आभाळ भरलेलं असलं तरी दुपारी त्याच्या कितीतरी पट उजेड मिळतो, म्हणून जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास चालून ये, टोपी-हातमोजे घालून. त्याने भागलं नाही तर 10,000 लक्सचा, अतिनील किरण गाळणारा उपचाराचा दिवा घे. खोक्यावर 10,000 लक्स किती अंतरावर मिळतात ते वाच. बहुतेक जण इथेच फसतात: दिवा टेबलाच्या पलीकडे ठेवतात, आणि अंतर दुप्पट झालं की उजेड जवळपास पावपट उरतो. उठल्यावर तासाभरात 20 ते 30 मिनिटं, साधारण हातभर अंतरावर, थोडा बाजूला ठेवून बस. डोळे उघडे हवेत, पण दिव्याकडे टक लावायची नाही. चहा पी, नोट्स वाच. संध्याकाळी लावलास तर झोप आणखी पुढे ढकलली जाईल. फरक पडायला आठवडा-दोन आठवडे लागतात; चार दिवसांत ‘काही होत नाही’ म्हणून सोडू नकोस. डोळ्यांचा आजार असेल, उजेडाने त्रास होणारं औषध चालू असेल किंवा घरात कुणाला बायपोलर (मन कधी अति उत्साही, कधी खूप उदास होण्याचा आजार) असेल, तर आधी डॉक्टरांना विचार.

दिव्याने ड जीवनसत्त्व मिळत नाही. त्यासाठी रोज 10 मायक्रोग्रॅमची गोळी वेगळी घे. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेचाही हिवाळ्यासाठी हाच सल्ला आहे. आपल्या सावळ्या कातडीला तर ती जास्तच लागते.

रविवारी बारापर्यंत लोळू नकोस, उठायची वेळ सातही दिवस एकच ठेव.

मन सलग दोन आठवडे खालीच राहिलं, अभ्यास अडला, तर जीपीची, म्हणजे तिथल्या नेहमीच्या डॉक्टरांची, वेळ घे. तज्ज्ञाशी बोलून होणारे मानसोपचार आणि औषधं दोन्ही उपयोगी पडतात. जगणं नको असं मनात आलं तर त्याच क्षणी 116 123 वर समॅरिटन्स या मदतवाहिनीला फोन कर, जिवाला धोका वाटला तर 999 या आणीबाणीच्या नंबरवर. रात्रीचे तीन वाजले असले तरी.

दिवा मार्च संपेपर्यंत चालू ठेव. पुढच्या वर्षी मात्र डिसेंबरची वाट पाहू नकोस, ऑक्टोबर लागताच तो टेबलावर काढ.

कळावे,
तुझा काका