घंटी बिघडलेला टाइपरायटर

वाचकांचे प्रश्न, फिल्म संकलकाची उत्तरं

प्रश्न : ताई, मी दांडिया बाजारात राहतो. बी.कॉम. झालोय, सकाळी मामांच्या ऑफिसात जीएसटीच्या नोंदी करतो. आतापर्यंत तीन शॉर्ट फिल्म केल्या, जवळजवळ सगळं शूटिंग मोबाइलवर. तिसरी न्यायमंदिराबाहेर, म्हणजे जुन्या कोर्टाबाहेर, बसणाऱ्या एका टाइपिस्ट काकांवर आहे. कोर्ट दिवाळीपुऱ्याला गेलं, काका तिथेच राहिले. अजून भाडेकरार नि सोगंदनामे (प्रतिज्ञापत्रं) टाइप करतात. ओळ संपत आली की वाजणारी त्यांच्या मशीनची घंटी कधीचीच बिघडलीय, तरी त्या जागी हात आपोआप थांबतो. गेल्या वर्षी एका फिल्म संस्थेची लेखी परीक्षा पास झालो, पण मुलाखतीत अडकलो. त्यांनी विचारलं, ‘हा शॉट इथेच का तोडलास?’ मी म्हणालो, ‘म्युझिकचा बीट तिथे होता.’ ते हसले आणि पुढे काही विचारलंच नाही. यंदा पुन्हा बसायचंय. बघायच्या १०० चित्रपटांची यादी केलीय, ६३ बघून झाले. चांगला कॅमेरा घ्यावा का? बाबा म्हणतात, एम.कॉम. कर. आणि माझ्यात काही सुधारणा होतेय की नाही, हे कळायचं कसं?
— एक वाचक, बडोदा

उत्तर : कॅमेरा घेऊ नकोस. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे मामांकडे उचल मागायला जाणार असशील तर थांबशील.

तुझ्या तिन्ही फिल्म पाहिल्या. पहिली, पतंगांची, सोडून देऊ. उत्तरायणात बडोद्याच्या कुठल्याही गच्चीवर मोबाइल वर धरला की तेवढं येतंच. दुसरीत लक्ष्मी विलास पॅलेस आहे आणि बराच स्लो मोशन आहे. तिसरी मात्र मी चारदा पाहिली.

चार मिनिटांत ४७ शॉट. २ मिनिटं १० सेकंदांवर काका अडकलेली शाईची रिबन बोटाने गुंडाळतात. बोट काळं होतं. ते बोट ते शर्टाच्या खिशात घालून आतल्या बाजूला पुसतात, आणि खिसा जरा उलटतो तेव्हा दिसतं की तिथे आधीचाच डाग आहे, धुऊन धुऊन जांभळट झालेला. मी खुर्चीत सरसावून बसले. आणि तिसऱ्या सेकंदाला तू मला तिथून उचलून ड्रोनवर बसवलंस, खाली सुरसागर तलाव, मधोमध महादेवाचा पुतळा! अरे, काय चालू होतं, कुठे नेलंस?

आता घंटीचं. पत्रातली ती ओळ वाचली आणि फिल्ममध्ये तीच शोधत बसले. सापडली नाही, कारण पहिल्या सेकंदापासून सतार वाजतेय. टाइपरायटरचा एक ठोका ऐकू येत नाही. घंटी वाजत नाही हे प्रेक्षकाला कळायचं तर आधी खटखट ऐकू यायला हवी. शेजारी कुणाचं धड मशीन असेल तर त्याच्या दोन-तीन ओळी आधी ऐकव, घंटीसकट. मग काकांच्या मशीनवर ये. कान घंटीची वाट बघेल, ती येणार नाही आणि हात मात्र थांबेल. फिल्म तिथे आहे. तुला ती दिसली होती, ऐकूही आली होती, मला पत्रात लिहून कळवलीस आणि फिल्मवर सतार ओतलीस.

मुलाखतीतला प्रश्न हाच होता. बीटवर तोडणं काही पाप नाही; पोटासाठी मी कित्येक जाहिराती तशा कापल्यात. पण तुझा शॉट संपवला त्या सतारवाल्याने, तू नव्हे.

आम्ही फिल्मवर शिकलो. ३५ मिलिमीटरची फिल्म सेकंदाला २४ फ्रेम धावते, एका फुटात १६ फ्रेम, म्हणजे मिनिटाला ९० फूट. ४०० फुटांचं रीळ साडेचार मिनिटांच्या आतच संपतं. माझ्या पहिल्या सरावाच्या फिल्मला तेवढंच रीळ होतं आणि मी त्यातलं मिनिटभर वाऱ्यावर हलणाऱ्या पडद्यावर घालवलं, कारण पडदा छान दिसत होता. शेवटी मुलगी दार उघडते त्या शॉटला कॅमेरा मध्येच थांबला. एडिटिंग टेबलावर माझ्या हाती आलं ते एक बंद दार.

म्हणून दोन महिने रोज साडेचार मिनिटंच शूट कर, त्यापुढे एक सेकंद नाही. बटण दाबण्याआधी वहीत लिही : कशासाठी सुरू करतोय, काय झालं की थांबवीन. जमाखर्च ठेवणाऱ्याला वही सांगायला नको. शूट किती, वापरलं किती, हेही मांड. रिबनचा तो शॉट मुळात किती लांब आहे? माझा अंदाज, मिनिटभर तरी असेल. तू तीन सेकंद घेतलेस.

यादी ६३ वर थांबव. त्यातला एक चित्रपट निवड आणि तीनदा बघ : एकदा नेहमीसारखा, एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून. तिसऱ्यांदा कंटाळा येईल. येऊ दे.

कलाभवनावरून जात असशीलच. दादासाहेब फाळके तिथे शिकले. पुढे मोठ्या चित्रपटासाठी भांडवल उभं करायचं होतं, तेव्हा १९१२ मध्ये त्यांनी कुंडीतल्या वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम करत टिपली. आपल्या सिनेमाची सुरुवात अशी एका कुंडीपुढे बसून झालीय. तुला काकांपुढे दुपारभर बसवत नाही, मध्येच सेवउसळ खायला पळत असशील. (मी रावपुऱ्यात वाढले, मला ठाऊक आहे.)

बाबांशी एम.कॉम.वरून भांडू नकोस. फिल्म संस्था पुण्याची एफटीआयआय घे की कोलकात्याची एसआरएफटीआय, दिग्दर्शनाच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला पदवी लागते, ती तुझ्याकडे आहे. एम.कॉम. करता करताही अर्ज भरता येतो. फक्त अर्जात दिग्दर्शनच का, ध्वनी का नाही, याचा एकदा विचार कर; त्याच्या पात्रतेच्या अटी मात्र आधी बघून घे. तुझ्या अख्ख्या पत्रात मला जे वाक्य आवडलं ते कानाने लिहिलेलं होतं.

सुधारणेचं विचारलंस. पहिल्या फिल्ममध्ये तू गच्चीवरून खाली उतरलाच नव्हतास. तिसरीत एका माणसाच्या खिशाच्या आत पोचलास, तीन सेकंद का होईना.

नवी प्रत पाठव. सतार नको, ड्रोन नको, आणि तो शॉट अख्खा ठेव. बोट पुसून झाल्यावर काका काय करतात, ते मला अजून दिसलेलं नाही.