ससा खायचा थांबला, तर सकाळची वाट पाहू नका

प्रश्न: आमच्या दोन वर्षांच्या सशाने गेल्या महिन्यात अचानक खाणं सोडलं. कोथिंबीर पुढे धरली तरी तोंड फिरवायचा. पोट बिघडलं असेल, एक दिवस उपास पडू दे, असं घरात ठरलं. दुसऱ्या संध्याकाळी नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. ससा वाचला. पण धावपळ करायची वेळ आली हे ओळखायचं कसं? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: उपास सशाला अजिबात चालत नाही. त्याचं आतडं सतत भरत आणि सरत राहावं लागतं. खाणं थांबलं की आतड्याची हालचाल मंदावते, आतला चोथा सुकून घट्ट होतो, वायू धरतो आणि पोट दुखू लागतं. दुखतं म्हणून तो आणखीच खात नाही. उलटी करून मोकळं होणं सशाला जमतच नाही. त्यामुळे दहा-बारा तास खाणं आणि लेंड्या दोन्ही बंद असतील, तर रात्र असली तरी डॉक्टरांना फोन करा.

रोज पिंजरा झाडताना लेंड्या बघायची सवय लावा. चांगली लेंडी गोल, हरभऱ्याएवढी असते आणि बोटांत चुरडली की गवताचा भुसा निघतो. त्या बारीक, काळपट, वेड्यावाकड्या होऊ लागल्या, तर खाणं पूर्ण थांबायच्या आधीच तुम्हाला सूचना मिळाली असं समजा.

ससा दुखणं लपवतो, ओरडत नाही. पोक काढून, डोळे अर्धवट मिटून बसतो आणि करकर दात खातो. (कुरवाळताना येणारी बारीक कटकट वेगळी, ती सुखाची.) पोटाला अलगद हात लावा. एरवी ते भिजवलेल्या कणकेसारखं मऊ लागतं. नगाऱ्यासारखं ताणलेलं लागलं तर आतड्यात अडथळा असू शकतो. अशा वेळी सिरिंजने पातळ खाणं भरवलं तर जिवावर बेतेल. भरवायचं की नाही, हे तपासल्यावर डॉक्टरच सांगतील.

सशाचं तापमान साधारण 101 ते 103 फॅरनहाइट असतं. तापापेक्षा गार पडलेला ससा जास्त काळजीचा. कान बर्फासारखे लागत असतील आणि तो मलूल असेल, तर कोमट पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा. नकोशी झाली तर सरकता यावं एवढी जागा मात्र सोडा.

घरातल्या गोळ्या देऊ नका. अमॉक्सिसिलिन हे अँटिबायोटिक तर तोंडावाटे मुळीच नाही. त्याने आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, विषारी जंतू माजतात आणि ससा दगावतो. कुत्र्याच्या पिसवांवरचं फिप्रोनिलही सशाला लावू नका.

प्रश्न: उन्हाळ्यात आमचा ससा तोंड उघडून धापा टाकतो. कुत्रा टाकतो तसंच ना? (एक वाचक, नागपूर)

उत्तर: नाही. ससा नाकाने श्वास घेतो. तोंड उघडलं म्हणजे तो अगदी शेवटच्या टोकाला आला आहे. त्याला लगेच सावलीत न्या, साध्या पाण्याने कान ओले करा, पंखा लावा आणि तसेच दवाखान्यात निघा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नका, धक्का बसतो.

पावसाळ्यात धोका माश्यांचा. शेपटीखाली ओलं किंवा मळलेलं राहिलं तर माशी तिथे अंडी घालते आणि दिवसभरातच अळ्या निघून कातडी पोखरू लागतात. दिवसातून दोनदा उलटं धरून नव्हे, मांडीवर घेऊन शेपूट उचलून बघा. एक जरी अळी दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टर गाठा. मान अचानक एका बाजूला कलली, मागचे पाय ओढत चालला किंवा रक्त थांबेना, तरीही तसंच.

एक काम आजच उरका. पुष्कळ दवाखाने कुत्री-मांजरंच पाहतात, म्हणून ससे तपासणारे डॉक्टर कोण आणि रात्री कोण सापडतं, हे फोन करून विचारून ठेवा. मुंबईत परळचं बैलघोडा हॉस्पिटल सगळ्यांना ठाऊक आहे, पण तिथेही आधी विचारूनच निघा. जाताना शेवटच्या लेंड्या पिशवीत घ्या आणि पिंजऱ्यात मूठभर सुकं गवत टाका. वाटेत त्याने एक काडी जरी चावली, तरी ते डॉक्टरांना जरूर सांगा.