सासऱ्यांचा ‘माइल्ड स्ट्रोक’ आणि कार्डावरचे २ गुण

ताई, तुमचा प्रश्न असा समजले: सासरे ६८ वर्षांचे, शुगर आहे. सकाळी पोहे खाताना उजव्या हातातून चमचा सुटला, जीभ जड झाली. रात्रीपर्यंत सगळं पूर्ववत. सीटी नॉर्मल. एक डॉक्टर टीआयए (थोड्या वेळाने आपोआप ओसरणारा झटका) म्हणाले, डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘मायनर स्ट्रोक, एनआयएचएसएस २’. आणि घरचे म्हणतात, काही निघालंच नाही तर एवढ्या गोळ्या कशाला? मी न्यूरॉलॉजिस्ट नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, पण अशी कार्डं रोज हाताखालून जातात.

आधी सीटीचं. पहिल्या काही तासांत सीटी काढतात ते मुख्यतः मेंदूत रक्तस्राव नाही ना, हे बघायला. गुठळीमुळे झालेला छोटा स्ट्रोक त्यात बऱ्याचदा दिसतच नाही. तो एमआरआयच्या डिफ्यूजन चित्रात पांढरा ठिपका होऊन दिसतो. दोन नावांचा घोळही इथलाच आहे. जुना नियम घड्याळाचा होता: २४ तासांत लक्षणं गेली की टीआयए. २००९ पासून अमेरिकन स्ट्रोक असोसिएशनने घड्याळ बाजूला ठेवलं. मेंदूचा भाग मेला असेल तर लक्षणं तासाभरात गेली तरी तो स्ट्रोकच. तुमच्याकडे एमआरआय झालेला नाही, म्हणून दोन्ही डॉक्टर आपापल्या जागी बरोबर असू शकतात.

आता ते २. एनआयएचएसएस ही स्ट्रोक किती मोठा ते मोजायची, खाटेपाशी करायची तपासणी. महिना कोणता, वय किती, डोळे मिटा, मूठ वळा, हात १० सेकंद वर धरा, पाय ५ सेकंद, चित्रातल्या वस्तूंची नावं सांगा, टाचणी टोचलेली कळते का, वगैरे. ० ते ४२ गुण. जितके जास्त तितकं वाईट. साधारण ५ पर्यंत ‘माइल्ड’ धरतात, काही अभ्यासांत ३ पर्यंतच. सासऱ्यांचा हात थोडा खाली आला असेल त्याचा १, जड जिभेचा १, असे २ झाले असावेत.

या मोजपट्टीवर माझा एक राग आहे: ती माणसाला चालवून बघत नाही. मेंदूच्या मागच्या भागात, लहान मेंदूत स्ट्रोक झालेला पेशंट खाटेवर सगळी उत्तरं बरोबर देतो, हातपाय नीट धरतो, गुण शून्य. त्याला उभं करा, दोन्ही पाय फाकवून, भिंत चाचपत निघतो आणि वळताना एका बाजूला कलंडतो. उलट अर्धी नजर पूर्ण गेली तरी गुण २ च, पण तो माणूस आपल्या इंदुरातल्या राजवाड्यासमोरचा गर्दीचा रस्ता ओलांडू शकत नाही. भाषेला गुण जास्त असल्याने डाव्या मेंदूचा स्ट्रोक मोठा दिसतो, तेवढाच उजवीकडचा लहान.

म्हणून डॉक्टर आकड्यासोबत बघतात की या त्रासाने माणूस अडतो का. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. ज्यांचं काही अडत नव्हतं अशा ० ते ५ गुणांच्या पेशंटना त्याचा ॲस्पिरिनपेक्षा जास्त फायदा दिसला नाही, असं २०१८ च्या प्रिझम्स अभ्यासात आलं. ‘इंजेक्शन का नाही दिलं’ असं घरी कोणी विचारत असेल तर हे सांगा.

इंदुरात लकवा म्हटलं की तोंड वाकडं आणि माणूस खाटेला खिळलेला, हेच चित्र. सराफ्याच्या खाऊगल्लीत जाऊन गराडू (तळलेला कंद) खाऊन येणाऱ्याला स्ट्रोक झालाय, हे पटत नाही. पण ‘माइल्ड’ म्हणजे आज काय बिघडलं त्याचं माप. पुढच्या काही दिवसांत मोठा झटका येण्याची भीती वेगळी मोजतात. टीआयएसाठी एबीसीडी-२ नावाचे ७ गुण आहेत: वय ६० किंवा जास्त १, बीपी १४०/९० किंवा वर १, एका बाजूची कमजोरी २, तासाभराहून जास्त टिकलं तर २, शुगर १. बीपी सोडूनच सासऱ्यांचे ६ होतात. गोळ्या त्यासाठी आहेत.

ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या दोन गोळ्या एकत्र दिल्याने पुन्हा स्ट्रोक होणं कमी होतं, हे चीनमधल्या चान्स अभ्यासाने २०१३ मध्ये दाखवलं. तिथे जोडी २१ दिवसच होती. पुढे दोन्ही चालू राहिल्या तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. कार्डावर कोणती गोळी कधी थांबवायची ते लिहिलंय का बघा, नसेल तर विचारा. मनाने बंद करू नका.

शेवटची वर्गवारी कारणाची, आणि उपचार त्यावर ठरतात. टोस्ट वर्गीकरणात पाच खाने आहेत: मोठ्या धमनीतला चरबीचा थर, हृदयातून आलेली गुठळी, बारीक रक्तवाहिनी बंद होणं, इतर ठरावीक कारण, आणि कारण न सापडलेले. मानेचा डॉपलर (धमन्यांची सोनोग्राफी), ईसीजी, इको (हृदयाची सोनोग्राफी) झालेत का ते फाइलमध्ये शोधा. नाडी अनियमित निघाली तर ही जोडी पुरत नाही, रक्त पातळ करणारी वेगळ्या जातीची गोळी लागते. एका ईसीजीत ती सापडेलच असं नाही, म्हणून होल्टर (दिवसभर ईसीजी टिपणारं छोटं यंत्र) लावायचा का हे पुढच्या भेटीत नक्की विचारा. आणि जाताना डॉक्टरांसमोर त्यांना दहा पावलं चालायला लावा.