वाचकांचे प्रश्न : एरोबारवर झुकल्यावर सीट का टोचते?

किनाऱ्यावरच्या ट्रायथलॉनची तयारी सुरू झाली, की सीटविषयीची पत्रे वाढतात. या वेळी त्यांतली काही एकत्र घेतली आहेत, कारण प्रश्न वेगवेगळे दिसले तरी बहुतेकांचे मूळ एकच आहे. ताठ बसून चालवण्यासाठी जी सीट चांगली ठरली, तीच एरोबारवर, म्हणजे कोपरे टेकवण्यासाठी हँडलवर बसवलेल्या पुढच्या दांड्यांवर, झुकून चालवतानाही चांगली ठरेल, असे आपण गृहीत धरतो. आणि तसे होत नाही.

प्रश्न : माझी साधी रोड बाइक आहे. तिच्यावर एरोबार बसवून घेतले असून गोव्याच्या ७०.३ स्पर्धेसाठी (अर्ध्या आयर्नमॅन अंतराची ट्रायथलॉन : १.९ किलोमीटर पोहणे, ९० किलोमीटर सायकल, मग धावणे) सराव करतो आहे. तासाभरात पुढचा भाग बधिर होतो आणि मी सारखा सीटच्या टोकाकडे घसरत जातो. जेलचे कव्हर घातले, तर त्रास वाढलाच. कोणती सीट घ्यावी? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सीटचे नाव सांगण्यापूर्वी आपण तिच्यावर शरीराच्या नेमक्या कोणत्या भागाने बसता, ते पाहावे लागेल. ताठ बसून सायकल चालवताना भार नितंबांखालच्या दोन हाडांवर येतो. त्यांना आपण बैठकीची हाडे म्हणू. कोपरे एरोबारच्या पॅडवर टेकवून पाठ सपाट केली, की कमरेच्या हाडांचा सगळा सांगाडा पुढे कलतो, बैठकीची हाडे सीटवरून जवळजवळ उचलली जातात आणि भार जघनास्थीच्या, म्हणजे ओटीपोटाखालच्या पुढच्या हाडाच्या, दोन फांद्यांवर व त्यांच्या मधल्या मऊ भागावर येतो. जननेंद्रियाकडे जाणाऱ्या नसा आणि रक्तवाहिन्या याच मऊ भागातून जातात. त्या दाबल्या गेल्या, की आधी मुंग्या येतात आणि मग बधिरपणा. ‘सवय होईल’ असे अनेक अनुभवी सायकलस्वारही सांगतात. हाडांच्या ठणक्याबाबत ते खरे आहे. नव्या सीटवर सुरुवातीला हाडे दुखतात आणि काही आठवड्यांत दुखणे थांबते. बधिरपणाची मात्र सवय करून घ्यायची नसते. स्वारी संपल्यावरही तो दुसऱ्या दिवसापर्यंत टिकला, किंवा लघवीला त्रास होऊ लागला, तर सायकल बाजूला ठेवून मूत्ररोगतज्ज्ञांना दाखवावे, ही माझी आग्रहाची विनंती आहे.

हा दाब किती कमी करता येतो, याचा एक चांगला अभ्यास झालेला आहे. अमेरिकेतील व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने सायकलवरून गस्त घालणाऱ्या सुमारे ९० पोलिसांना ६ महिने बिनटोकाच्या सीट वापरायला दिल्या. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार मधल्या भागावरचा दाब सुमारे दोन-तृतीयांशाने घटला आणि संवेदनाही सुधारली. पुढच्याच वर्षी त्या संस्थेने कामासाठी सायकल चालवणाऱ्यांना अशा सीटची शिफारस केली. हे पोलीस एरोबारवर झुकून चालवत नव्हते. आपला भार त्यांच्याहून पुढे येतो, तेव्हा आपण या गोष्टीकडे अधिकच लक्ष द्यायला हवे.

जेलच्या कव्हरने त्रास का वाढला, तेही यातूनच कळते. मऊ थरात हाडे खाली रुततात आणि दबलेला थर मधोमध वर येऊन नेमका नाजूक भागावर दाबतो. शिवाय सीटमध्ये मुळात खाच असेल, तर कव्हर ती बुजवून टाकते. दुकानात अंगठ्याने दाबून सीटची परीक्षा करण्याची आपली पद्धत म्हणूनच फसवी आहे. लांब अंतरासाठी सीट बरीचशी घट्ट हवी आणि जिथे हाड टेकते तिथेच तिने आधार द्यायला हवा.

आता आपल्या घसरण्याकडे येऊ. रोड बाइकच्या सीटच्या नळीचा कोन साधारण ७३ अंशांचा असतो. टाइम ट्रायलच्या, म्हणजे घड्याळाविरुद्ध एकट्याने करायच्या शर्यतीच्या, सायकलवर सीट बरीच पुढे असते, त्यामुळे तोच कोन ७६ ते ८० अंशांच्या घरात जातो. आपण रोड बाइकवर नुसते एरोबार बसवले, म्हणजे हात पुढे गेले आणि सीट मागेच राहिली. मांडी पोटाशी आवळू लागली, की ती मोकळी करण्यासाठी शरीर आपोआप पुढे सरकते आणि सीटच्या सर्वांत अरुंद जागी येऊन बसते. अशा वेळी नवी सीट घेण्याआधी आहे तीच सीट पुढे सरकवून पाहावी, त्यासाठी मागे न झुकणारी सरळ सीटपोस्ट (सीट धरणारी दांडी) लागली तर ती घ्यावी, आणि सीट १ सेंटीमीटर पुढे नेली तर सुमारे ३ मिलिमीटर वर घ्यावी, म्हणजे पेडलपर्यंतचे अंतर पूर्वीइतकेच राहते. कोपरांचे पॅडही एकदोन सेंटीमीटर उचलून पाहावेत. वाऱ्यात थोडा तोटा होईल. पण ९० किलोमीटरमध्ये दर पाच मिनिटांनी उठून बसणाऱ्याचा तोटा त्याहून मोठा असतो. एक सावधगिरी मात्र हवी. सीट पुढे गेली, की पुढच्या चाकावर भार वाढतो आणि उतारावरच्या वळणात सायकल वेगळी वागते. आरे-वारेसारख्या रस्त्यावर उतरण्यापूर्वी मोकळ्या सपाट रस्त्यावर तिची ओळख करून घ्यावी.

एवढे करूनही बधिरपणा राहिला, तर सीट बदलावी, आणि माझ्या मते मधल्या पायऱ्यांवर पैसे न घालवता थेट दुभंगलेल्या टोकाच्या सीटकडे जावे. आयएसएम कंपनीच्या सीट या प्रकारात सर्वाधिक परिचित आहेत. त्यांना नेहमीसारखे एक टोक नसून पुढे दोन समांतर भुजा असतात, त्यांवर जघनास्थीच्या दोन फांद्या टेकतात आणि मधली जागा रिकामी राहते. टोक आखूड असल्याने अशी सीट जुन्या सीटच्या तुलनेत सुमारे ५ सेंटीमीटर मागे लावावी लागते. जुन्या सीटच्या टोकाला टोक जुळवून ती लावली, तर ती हमखास चुकीची लागते, आणि चांगली सीट वाईट म्हणून परत जाण्याचे हे मोठे कारण आहे. दुसरी तक्रार येते ती मांड्या घासण्याची, कारण या भुजा एकत्र धरता नेहमीच्या टोकापेक्षा रुंद असतात. म्हणून निवड करताना पुढच्या भागाची रुंदी पाहावी. त्याच कंपनीच्या अरुंद आवृत्त्याही मिळतात. स्टुलावर पन्हळी पुठ्ठा ठेवून त्यावर बसून बैठकीच्या हाडांमधले अंतर मोजण्याची युक्ती रोड बाइकसाठी उपयोगी आहे. एरोबारवर ती हाडे टेकतच नाहीत, तेव्हा त्या मापावर इथे विसंबू नये.

आपल्याकडे खाडी ओलांडली, की घाटी लागते. त्यामुळे आपण एका दमात तासभर एरोबारवर राहतच नाही. आखूड टोकाच्या, मधोमध रुंद खाच असलेल्या सीट चढावर मागे सरकून बसायला बऱ्या पडतात, आणि ज्यांना बधिरपणाचा त्रास फार नाही त्यांनी आधी त्या पाहाव्यात. आपला त्रास तासाभरात सुरू होतो, शिवाय चढावर उठून पेडल मारता येते, म्हणून आपल्यासाठी मी दुभंगलेल्या टोकाचाच पर्याय सुचवतो.

सीट बसवल्यावर सायकल सपाट जागी ठेवून मोबाइलच्या लेव्हलने कल मोजावा. टोक १ ते ३ अंश खाली असले, तर बहुतेकांना बरे वाटते. त्याहून फार खाली नेले, की शरीर घसरते आणि सारा भार खांद्यांवर येतो. एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत लिहून ठेवावा. चाचणी स्पर्धेच्याच कपड्यांत घ्यावी, कारण ट्रायसूटचा (पोहणे, सायकल आणि धावणे तिन्हींसाठीच्या एकाच पोशाखाचा) पॅड सायकलिंगच्या शॉर्ट्सपेक्षा बराच पातळ असतो, आणि समुद्रातून १.९ किलोमीटर पोहून आलेल्या ओल्या, खारट पॅडवर ९० किलोमीटर काढायचे असतात. भाट्याच्या किनाऱ्यावर पोहून लगेच सायकलवर बसण्याचा सराव एकदोनदा जरूर करावा. रत्नागिरीत वेगवेगळ्या सीट लावून पाहण्याची सोय नसेल, तर ओळखीच्या सायकलस्वाराकडून काही दिवसांसाठी सीट मागून घेणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा मार्ग आहे. आपली सीट घेण्यापूर्वी तिच्या रेलही, म्हणजे सीटखालच्या दोन सळ्याही, पाहाव्यात. स्टीलच्या रेल ७ मिलिमीटर गोल असतात, कार्बनच्या उंचीला अधिक म्हणजे बहुधा ७ बाय ९ असतात, आणि सीटपोस्टवरचा प्रत्येक क्लॅम्प दोन्हींना धरतोच असे नाही.

प्रश्न : एरोबारवर लांब सराव केला, की बाहेरच्या नाजूक भागाला एकाच बाजूला सूज येते. विचारायला संकोच वाटतो. दुकानदाराने बायकांची रुंद, मऊ सीट सुचवली आहे. ती घ्यावी का? – एक वाचक भगिनी, वेंगुर्ले

उत्तर : संकोच अजिबात बाळगू नये. हा त्रास अनेक स्त्री सायकलस्वारांना होतो आणि न बोलल्यामुळेच तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो.

बायकांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या रुंद सीट ताठ बसणाऱ्यांसाठी केलेल्या असतात. त्यांची रुंदी मागे असते, आणि आपण बसता पुढे. आपल्याला हवी ती पुढच्या भागात पुरेशी मोकळी जागा असलेली सीट, मग तिच्यावर स्त्री लिहिलेले असो वा नसो. इथे एक बारकावा आहे. खाच अरुंद आणि तिच्या कडा कठीण असतील, तर मऊ भाग खाचेत उतरून कडेवर दाबला जातो आणि सूज वाढते. म्हणून पुढपर्यंत मोकळी असलेली आणि गोलसर कडांची सीट पाहावी. दुभंगलेल्या टोकाची सीट आपल्यालाही चालू शकेल.

सूज एकाच बाजूला येते ही आपल्या पत्रातील महत्त्वाची गोष्ट आहे, कारण तिचा अर्थ बहुधा असा, की आपण सीटवर तिरक्या बसता. सीट जास्त उंच असली, की पाय पुरवण्यासाठी कंबर प्रत्येक पेडलला एका बाजूला उतरते. सायकल ट्रेनरवर (ती जखडून घरात चालवण्याच्या स्टँडवर) लावून कोणाला तरी मागून चित्रीकरण करायला सांगावे. कंबर डोलताना दिसली, तर सीट ३ ते ५ मिलिमीटर खाली घेऊन पुन्हा पाहावे. सीटचे टोक वरच्या नळीच्या रेषेत आहे का आणि दोन्ही बुटांच्या क्लीट (पेडलमध्ये अडकणाऱ्या तळाच्या पट्ट्या) सारख्या बसल्या आहेत का, हेही तपासावे. एरोबारचे पॅड एकमेकांशी समपातळीत नसले, तरी शरीर वळते. विश्रांतीनंतर सूज पूर्ण उतरत नसेल किंवा गाठ हाताला लागत असेल, तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवण्यात दिरंगाई करू नये.

प्रश्न : पावसाळ्यात घरातच ट्रेनरवर सराव करतो. जांघेत पुळ्या येतात आणि कातडे सोलवटते. रस्त्यावर असा त्रास होत नाही. सीट तीच आहे. असे का? – एक वाचक, अलिबाग

उत्तर : रस्त्यावर सायकल आपल्याखाली थोडी डोलते, चढावर आपण उठतो, खड्डा आला की अंग उचलतो. ट्रेनरवर सायकल जखडलेली असते आणि दाब तासभर एकाच जागी राहतो. त्यात जून ते सप्टेंबर आपल्या किनाऱ्यावरची दमट हवा. घाम सुकत नाही, भिजलेला पॅड कातडीला घासतो आणि घासलेल्या जागी जंतू वाढतात. मोठा पंखा अंगावर घ्यावा, दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभे राहून पेडल मारावे, आणि सराव संपताच कपडे बदलून अंग धुवावे.

खरी अडचण वाळवण्याची आहे. पॅडचा वरचा थर कोरडा लागला, तरी आतला ओला असतो, आणि कोकणातल्या पावसात तो दोन दिवसांतही वाळत नाही. अर्धवट वाळलेली शॉर्ट्स पुन्हा घालणे हेच बहुतेक पुळ्यांचे कारण असते, त्यामुळे नवी सीट घेण्याआधी शॉर्ट्सच्या आणखी दोन जोड्या घ्याव्यात. धुतल्यावर टॉवेलमध्ये गुंडाळून दाबाव्यात आणि पॅड बाहेर करून पंख्याखाली वाळत घालाव्यात. घर्षण कमी करण्यासाठी शॉर्ट्सच्या आत लावायचे क्रीम मिळते. ते नसेल तेव्हा पुष्कळ जण खोबरेल तेल लावतात, आणि कातडी अखंड असेल तर तेही चालते.

गोल, खाजरा, कडेने पसरत जाणारा चट्टा आला, तर ती पुळी नसून नायटा असण्याची शक्यता मोठी. अशा वेळी औषधाच्या दुकानातून मिळणारे स्टेरॉइडमिश्रित मलम स्वतःच्या मनाने लावू नये. खाज तात्पुरती थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवावे.

प्रश्न : दुभंगलेल्या टोकाची सीट टाइम ट्रायल स्पर्धेत चालते का? – एक वाचक, दापोली

उत्तर : चालते, पण लांबी मोजून घ्यावी. आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या म्हणजे यूसीआयच्या नियमांनुसार सीटची लांबी २४ ते ३० सेंटीमीटर असावी लागते आणि तिचा कल ९ अंशांपेक्षा अधिक असून चालत नाही. पुढेमागे किती, याचेही बंधन असते, तेव्हा त्या वर्षीचे नियमपत्रक पाहूनच सीट पक्की करावी. आयर्नमॅन प्रकारच्या, एकमेकांच्या आडोशाने चालवण्यास मनाई असलेल्या ट्रायथलॉनमध्ये सीट पुढे नेण्यास अधिक मोकळीक असते.

प्रश्न : सीट हलवायची आहे, पण क्लॅम्पचा बोल्ट गंजून अडकला आहे. – एक वाचक, मालवण

उत्तर : समुद्राकाठी हे व्हायचेच, आणि ट्रायथलॉनच्या सायकलवर तर अंगावरचे खारे पाणी थेट सीटखाली निथळते. बोल्टवर गंज सोडवणारे तेल सोडून रात्रभर ठेवावे. ॲलन की पूर्ण आत बसली आहे याची खात्री करून मगच जोर लावावा, कारण बोल्टचे डोके एकदा गोल झाले, की तो ड्रिलने पोखरूनच काढावा लागतो. निघालेला बोल्ट फेकून स्टेनलेस स्टीलचा घ्यावा, आट्यांना ग्रीस लावावे आणि क्लॅम्पवर छापलेल्या न्यूटन-मीटरइतकाच टॉर्क द्यावा. सीटपोस्टही त्याच वेळी बाहेर काढून पाहावी. ॲल्युमिनियमची पोस्ट आणि स्टीलची फ्रेम असेल तर आत ग्रीस हवे, कार्बन असेल तर ग्रीसऐवजी कार्बनसाठीची पेस्ट. पोस्ट काढण्यापूर्वी तिच्या उंचीवर चिकटपट्टीची खूण करावी, आणि यापुढे समुद्रावरून आल्यावर सीटखालचा भाग गोड्या पाण्याने धुऊन पुसून ठेवावा.